लूथर आधी की मॅग्नेटो? खलनायकाच्या बाजूची दोन कॉमिक्स

दिवाळीच्या सुट्टीत भाच्यानं कापूस वेचून पैसे साठवले. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे एकेका किलोचा हिशेब त्याच्या वहीत होता. पैसे एका चांगल्या पुस्तकापुरते झाले, तेव्हा संध्याकाळी ओसरीवर येऊन म्हणाला, "मामा, मले एकच घेता येते. ज्याच्यात व्हिलनच गोष्ट सांगते, असं कोनतं घेऊ?" बारावीचा पोरगा, सुपरहिरोंचे सिनेमे त्याचे पाठ आहेत. पण नायकाच्या विजयाचा त्याला कंटाळा आला आहे, आणि तो कंटाळा मला ओळखीचा आहे. त्याला त्या रात्री जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो, कारण शाळेतली आणखी दोन-तीन पोरं हाच प्रश्न घेऊन आली होती.

खलनायकाची बाजू ऐकायची ओढ आमच्या भागाला नवी नाही. आमच्या अकोला जिल्ह्यातच सांगोळा आहे. तिथे काळ्या पाषाणाची दहा तोंडांची रावणाची मूर्ती आहे. दसऱ्याला सगळीकडे रावण जळतो, सांगोळ्यात त्याची पूजा होते. तिथल्या माणसांशी बोललं तर ती रामालाही मानतात. सीतेला पळवून नेणं चुकलंच, हेही कबूल करतात. पण तो विद्वान होता, तपस्वी होता, हे सोडायला तयार नसतात. चूक चूकच ठेवायची आणि माणूस तरी पुरता बघायचा, ही फार अवघड गोष्ट आहे. खलनायकाच्या नजरेतून सांगितलेलं कॉमिक मी याच मापानं मोजतो. काही कॉमिक्समध्ये खलनायक इतका गोड होतो की त्यानं केलेलं पाप पुसूनच जातं. असलं पुस्तक मला नको, भाच्यालाही नको.

माझ्या मते खरी निवड दोनच पुस्तकांत आहे. एक 'लेक्स लूथर : मॅन ऑफ स्टील', ब्रायन अझारेलोचं लेखन, ली बर्मेहोची चित्रं, डीसी कॉमिक्स, 2005, पाच अंक. दुसरं 'मॅग्नेटो : टेस्टामेंट', लेखन ग्रेग पाकचं, चित्रं कार्मिने दी जानडोमेनिकोची, मार्व्हल, 2008-09, तेही पाच अंकांचं. दोन्ही एकेका पुस्तकात बांधून मिळतात आणि दोन्हींसाठी आधीचं काहीच वाचलेलं असावं लागत नाही. एवढं साम्य. पुढे दोघांच्या वाटा पार वेगळ्या होतात.

लूथर हा सुपरमॅनचा वैरी. सुपरमॅन 1938 साली आला, लूथर 1940 साली. तेव्हापासून तो शेकडो गोष्टींत हरला आहे, पण त्याचं म्हणणं सलग असं फार कमी वेळा ऐकायला मिळालं. या पुस्तकात पहिल्या पानापासून बोलतो तो लूथरच. चौकोनी पट्ट्यांत त्याचे विचार चालू राहतात. तो सकाळी कामावर जातो, इमारतीतल्या सफाई कामगाराशी आपुलकीनं बोलतो, शहरासाठी भव्य मनोरा उभारतो. माणसानं आपल्या हिमतीवर काय करून दाखवावं, हे तो सांगतो. आणि त्याचा प्रश्न साधा आहे : आकाशातून एक परका आला, आपल्यापेक्षा हजारपट बळाचा. तो आज आपल्याला वाचवतो. उद्या त्याचं मन फिरलं तर त्याला कोण अडवणार? आणि तो वाचवतच राहिला तर माणूस स्वतः कशाला धडपडेल?

खरं सांगतो, पहिल्या वाचनात मी मान डोलावली होती. पाऊस येईल, पॅकेज येईल, कुणीतरी येऊन आपलं भलं करील, अशी वाट बघत बसलेली गावं मी आयुष्यभर पाहिली आहेत. आपल्या पायावर उभं राहा असं कुणी म्हटलं की माझं मन लगेच त्याच्याकडे झुकतं. लूथर नेमकं तिथेच पकडतो.

या पुस्तकाचं मोठेपण चित्रांत आहे. बर्मेहोनं सुपरमॅन काढलाय तो लूथरला दिसतो तसा. अंधारात तरंगणारा, चेहरा सावलीत, डोळे लाल पेटलेले. आपल्या ओळखीचा हसरा, मदतीला धावणारा सुपरमॅन शोधून सापडत नाही. म्हणजे पट्टीतले शब्द लूथरचे, आणि चित्रही त्याच्याच डोळ्यांतून. वाचकाला बाहेर उभं राहायला जागाच ठेवलेली नाही. कादंबरीत खोटं बोलणारा निवेदक असतो, पण इथे डोळेसुद्धा त्याचेच मिळतात. कॉमिक या माध्यमात शब्द आणि चित्र एकाच वेळी खोटं बोलू शकतात, हे मला या पुस्तकानं दाखवलं.

मग हळूहळू भेगा दिसायला लागतात. लूथर एक नवी नायिका घडवतो, तिचं नाव होप, म्हणजे आशा. लोक तिच्यावर जीव टाकतात. पुढे एक स्फोट होतो आणि त्यात लहान लेकरं असतात. कुणी काय केलं ते मी इथे सांगणार नाही, पण शेवटच्या अंकानंतर मी पहिला अंक पुन्हा उघडला आणि तीच गोड वाक्यं वाचवेनात. मान डोलावली तेव्हा आपण कशाला होकार दिला, याचा हिशेब पुस्तक वाचकाकडून मागतं. लूथरची एकही चूक पुसलेली नाही, आणि तरी त्याचा युक्तिवाद पोकळ करून टाकलेला नाही. सांगोळ्याचं माप इथे पुरतं बसतं.

आता मॅग्नेटो. 1963 साली 'एक्स-मेन' या अचाट शक्तीच्या नायकांच्या कॉमिकच्या पहिल्याच अंकात त्यांचा वैरी म्हणून तो आला, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या हातून. लोखंड हलवणारा, जगावर राज्य करू पाहणारा. नाझींच्या छळछावणीतून वाचलेला माणूस ही त्याची ओळख पुढच्या लेखकांनी भरली, आणि 'टेस्टामेंट'नं ती पूर्ण गोष्ट म्हणून सांगितली. पण या पुस्तकात शिरस्त्राण नाही, झगा नाही, एक्स-मेन नाहीत. शक्तीच्या खुणासुद्धा इतक्या पुसट की नजर चुकली तर निघून जातील. आहे तो मॅक्स आयझेनहार्ट नावाचा ज्यू मुलगा, 1935 सालच्या, हिटलरच्या जर्मनीतला. बाप पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेला. त्या लढण्याचा आपल्याला आधार होईल असं त्याला वाटतं, आणि तो आधार एकेक पायरीनं निसटत जातो.

सुरुवातीला शाळेतला एक प्रसंग आहे. मॅक्स भालाफेकीत जिंकतो, तर त्याच्यावर फसवणुकीचा आळ येतो. या जातीचा पोरगा जिंकूच कसा शकतो, एवढंच त्यामागचं कारण. हे पान मी वाचनालयात दोन पोरांना दाखवलं होतं. जन्मावरून वर्गात उभं केलं जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. एक पोरगा ते पान उघडं ठेवून बराच वेळ बसला होता.

पुढे 1938ची काचांची रात्र, म्हणजे जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली ती; मग पोलंड, वॉर्सातली ज्यूंची बंदिस्त वस्ती, आणि शेवटी ऑशविट्झची मृत्यूछावणी. तिथे मॅक्स सॉन्डरकमांडोत जातो. आपल्याच माणसांची प्रेतं हलवायला ज्या कैद्यांना जुंपलं जाई, त्यांची ती तुकडी. 1944 साली या कैद्यांनी खरोखर उठाव केला होता, आणि पुस्तक तिथवर जातं. मॅग्डा नावाची रोमा, म्हणजे जिप्सी म्हणतात त्या समाजाची, मुलगी आहे, तिच्यासाठीची त्याची धडपड हाच गोष्टीतला एकमेव उबदार धागा. शेवटच्या अंकाला जोडून डीना बॅबिट या चित्रकर्तीची खरी हकीकतही दिली होती. ऑशविट्झमध्ये कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टर मेंगेलेसाठी तिला रोमा कैद्यांची चित्रं काढावी लागली, आणि ती चित्रं परत मिळावीत म्हणून ती पुढे आयुष्यभर झगडली.

इतकं सगळं मान्य करूनही एक गोष्ट भाच्याला स्पष्ट सांगितली : 'टेस्टामेंट' हे खलनायकाच्या नजरेतलं पुस्तक नाही. खलनायक व्हायच्या आधीच्या मुलाचं ते पुस्तक आहे. मॅक्सनं अजून कुणाचं वाईट केलेलं नाही, त्यामुळे त्याच्या बाजूनं उभं राहायला वाचकाला काही मोजावं लागत नाही. पुढचा मॅग्नेटो जे करतो त्याची ठिणगी इथे दिसते, पण आग नाही. लेखकानं हे जाणून केलंय आणि बरोबरच केलंय. इतक्या मोठ्या खऱ्या दुःखावर उडणाऱ्या माणसाची करामत चढवली असती तर ते वाईट दिसलं असतं. पण भाच्याला "व्हिलनच गोष्ट सांगते" असं हवं होतं. त्या हट्टाला लूथरच उतरतो.

वाचायच्या सोयीचं बघू. दोन्ही मी इंग्रजीतच वाचली. 'टेस्टामेंट'ची इंग्रजी सोपी आहे, वाक्यं छोटी, सालं आणि ठिकाणं दिलेली. बारावीच्या पोराला शब्दकोश फारसा लागणार नाही. लूथरचे शब्दही कठीण नाहीत, पण एकेका वाक्याला दोन अर्थ असतात आणि दुसरा अर्थ पुढच्या अंकात उमगतो. ते दोनदा वाचायचं पुस्तक आहे. ज्याला एकदाच वाचून बाजूला ठेवायचंय, त्यानं ते घेऊ नये.

मोबाईलवर वाचायचा बेत असेल तर लूथरच्या बाबतीत मी मोडता घालीन. बर्मेहोची पानं काळोखी आहेत, चेहऱ्यावरच्या सावल्यांतच अर्ध सांगणं असतं, आणि लहान पडद्यावर ते सगळं एका काळ्या डागात जातं. पान कागदावर, दिवसाउजेडी बघावं. 'टेस्टामेंट' मोबाईलवर चालून जातं.

एक सावधगिरी. लूथरचं हे पुस्तक 2010 साली नुसत्या 'लूथर' या नावानं पुन्हा निघालं. दोन नावं बघून दोन पुस्तकं समजू नका, गोष्ट एकच आहे. कष्टाचे पैसे एकाच गोष्टीवर दोनदा जायला नकोत.

बॅटमॅनचा वैरी जोकर, त्याच्या 'जोकर' या कॉमिकबद्दल पोरं हमखास विचारतात. 2008 सालचं, याच अझारेलो-बर्मेहो जोडीचं. 2019च्या सिनेमाची ही गोष्ट नव्हे. यात सांगतो तो जोकर नाही, त्याचा एक हस्तक, जॉनी फ्रॉस्ट. मोठ्या गुंडाच्या सावलीत राहून आपणही मोठे होऊ असं वाटणारा लहान गुंड. कल्पना मला आवडते, कारण जोकरच्या डोक्यात शिरलो तर त्याची भीतीच संपेल. पण हिंसा फार उघडी आहे. बारावीच्या मुलाच्या हातात मी ते देणार नाही, शाळेच्या कपाटात तर नाहीच.

'सुपीरियर स्पायडर-मॅन'ही एकानं सुचवलं होतं. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसचं मन पीटर पार्करच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, शरीरात शिरतं आणि तो स्वतःला जास्त चांगला नायक ठरवू बघतो. 2013 ते 2014, एकतीस अंक. मजेदार आहे, पण लांबण आहे आणि आधीचा थोडा माग ठेवावा लागतो. एकाच पुस्तकाचे पैसे असणाऱ्यानं तिकडे वळू नये.

तर कुणी काय घ्यावं? शाळेच्या किंवा गावाच्या वाचनालयासाठी एकच प्रत घ्यायची असेल तर मी डोळे मिटून 'मॅग्नेटो : टेस्टामेंट' म्हणेन. ते पंचवीस पोरांच्या हातून जाईल, इतिहासाच्या तासाला उपयोगी पडेल, आणि कॉमिक म्हणजे लहान लेकरांचा खेळ असं म्हणणाऱ्या मास्तरांपुढे ठेवता येईल. अट एवढीच की आठवीच्या खालच्या पोरांना ते एकट्यानं वाचायला देऊ नये, सोबत कुणीतरी मोठं बसावं.

एकट्या वाचकाला, आणि त्यातही ज्याला खलनायकाचं ऐकून घ्यायचंय पण त्याच्या मागे वाहून जायचं नाही अशाला, लूथर. भाच्याला मी तेच घ्यायला सांगितलं. त्यानं विचारलं, "पन मामा, तो तर खोटा बोलते म्हनता तुम्ही. मंग त्याचं काहून आयकू?" मी म्हटलं, तो खोटं कुठे बोलतो ते पेन्सिलीनं खूण करत जा.

पुस्तक मागवलंय. आमच्या गावात कुरिअर येत नाही, पातूरला जाऊन उचलावं लागतं, आठवडी बाजाराच्या दिवशी आणू. आता फवारणी आणि तुरीची राखण यातून वेळ काढून तो वाचेल. तिसऱ्या अंकात लूथर ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनला, आपल्या बाजूला ओढतो, बॅटमॅन आणि सुपरमॅन एकमेकांवर धावून जातात. भाच्याला सांगून ठेवलंय : तिथवर पोचलास की थांब आणि ये. मला बघायचंय की तोपर्यंत तू कुणाच्या बाजूला आहेस.