म्युनिकला मित्र येताहेत: घरीच उतरवायचं की डोंगरात घर घ्यायचं?

कॉलेजचा ग्रुप येणार, शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ, सगळे मिळून आठ जण. त्यांना म्युनिकमधल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात सामावून घ्यायचं, की आल्प्सच्या पायथ्याशी फेरियनवोनुंग, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याचं घर घ्यायचं? २०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पहिलं केलं, ऑक्टोबरमध्ये दुसरं. मंडळी तीच: आइंडहोवनचं जोडपं आणि त्यांची दोन मुलं (पाच आणि तीन वर्षांची), झुरिकचे दोघे आणि आम्ही दोघं.

घरी उतरवताना सगळे गाद्यांची काळजी करतात. गाद्यांचं जमतं हो, अडतं ते बाथरूमपाशी. आठ माणसं आणि एकच बाथरूम, म्हणून शनिवारी नऊची ठरवलेली गाडी आम्हाला अकराची झाली. पण त्या दोन तासांत कांदेपोह्यांची दुसरी कढई झाली, चहाच्या तीन फेऱ्या झाल्या, आणि बारा वर्षांत न झालेल्या गप्पा ओट्याभोवती उभ्याउभ्या झाल्या. हे भाड्याच्या घरात होत नाही असं नाही, पण आपल्या ओट्यावर, आपल्या डब्यांतून मैत्रीण न विचारता मोहरी काढते तेव्हा जी जवळीक वाटते ती तिथे येत नाही.

शेजाऱ्यांचा विचार मात्र आधी करा. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात, झोपायच्या खोल्यांत आणि तिथून बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये धुराचा अलार्म सक्तीचा आहे, आणि आमचा पॅसेज स्वयंपाकघराला लागूनच आहे. शुक्रवारी रात्री साडेदहाला ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या आणि अलार्म कोकलला. कोणी खुर्चीवर चढून टॉवेल हलवतोय, मुलं घाबरून रडताहेत, सगळ्यांना ठसका. इथे रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. खालच्या आजी जिना चढून वर आल्या, आधी मुलांकडे पाहिलं आणि मग विचारलं, कोणाला लागलं तर नाही ना? दुसऱ्या दिवशी त्यांना पोह्यांची बशी नेऊन दिली. तुमचे शेजारी असे नसतील तर पाहुणे येण्याआधीच जिन्यात एक चिठ्ठी लावा, आणि तळणं-भाजणं संध्याकाळीच उरकून घ्या.

फिरण्यासाठी घरच सोयीचं, कारण बायर्न-टिकिट, म्हणजे राज्यभर चालणारं एका दिवसाचं रेल्वे तिकीट. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत, फक्त साध्या गाड्यांत. लांब पल्ल्याच्या आयसीईत चालत नाही. प्रवाशांची नावं तिकिटावर लिहावी लागतात. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आम्ही सहा मोठे, म्हणून दोन तिकिटं. हे तिकीट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत चालतं, आणि आम्ही तिकडेच निघालो होतो. रोझेनहाइमच्या पुढे झुरिकच्या मित्राला आठवलं की पासपोर्ट आमच्या घरी, उशीखाली राहिलाय. ऑस्ट्रियाच्या सीमेवर गाडीत तपासणी होते. मग वाटेत किमझे तळ्याकाठच्या प्रीनलाच उतरलो.

आणि तो दिवस आमच्या सगळ्या बेतांपेक्षा चांगला गेला. तळ्यातून बोटीने हेरेनइन्सेल बेटावर जायचं, तिथे राजा लुडविग दुसरा याने १८७८ पासून बांधायला घेतलेला, व्हर्सायवर बेतलेला आणि अपुराच राहिलेला राजवाडा. लुडविगचे राजवाडे जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, आणि त्याच बैठकीत आपले बारा किल्लेही. आइंडहोवनच्या मित्राने कॉलेजात असताना रायगड किती वेळा चढला असेल देव जाणे. आरसेमहालातून बाहेर पडल्यावर तो पायरीवर बसला आणि पोराला रायगडाचा टकमक कडा समजावून सांगत राहिला. परतीच्या बोटीत पोरगं सगळ्यांना "टकमक, टकमक" म्हणून दाखवत होतं.

आता ऑक्टोबर. बेर्शटेसगाडनला तीन खोल्या, दोन बाथरूम, बाल्कनीतून समोर डोंगर. झोप सगळ्यांची पूर्ण झाली, आणि मुलांना अंगण मिळालं. पण भाडं बघून लगेच हुरळून जाऊ नका. त्यावर शेवटच्या सफाईचे पैसे असतात, दर माणशी दर रात्री गावचा कर असतो, काही ठिकाणी चादरी-टॉवेलचेही वेगळे. सीझनला सहसा तीन रात्रींच्या खाली घर देत नाहीत, म्हणजे कोणाला तरी सोमवारी रजा टाकावी लागते. झुरिकच्यांना ती मिळाली नाही. ते रविवारी दुपारीच निघाले, आणि त्यानंतर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

स्वयंपाकघराचं म्हणाल तर सुऱ्या बोथट आणि पातेली दोन माणसांपुरती. कुकर, मिसळणाचा डबा आणि एक धारदार सुरी घरूनच न्या. आणि बायर्नमध्ये दुकानं शनिवारी रात्री आठला बंद होतात ती सोमवारी सकाळीच उघडतात. म्युनिकमध्ये मोठ्या स्टेशनातलं दुकान तरी रविवारी हाताशी असतं. डोंगरातल्या गावात दूध संपलं की संपलं.

बेर्शटेसगाडनजवळच्या क्योनिग्झे तळ्यासाठी मात्र मी पुन्हा तसंच घर घेईन. या तळ्यावर १९०९ पासून विजेवरच्या बोटी चालतात, त्यामुळे इंजिनाचा आवाजच नाही. उभ्या कड्यासमोर बोट थांबते, नावाडी तुतारीसारखं वाद्य तोंडाला लावतो, थोडं वाजवतो, थांबतो, आणि समोरचा कडा तेच सूर परत देतो. तीन वर्षांची धाकटी आईच्या मांडीवर उभी राहिली आणि कड्याकडे बघत कुजबुजली, "आई, तिकडे कोण आहे?" म्युनिकहून इथे यायला गाडी बदलून अडीच-तीन तास लागतात. लहान मुलांना घेऊन एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर अर्धा दिवस गाडीतच जातो.

माझं मत विचाराल तर पाहुणे चारापर्यंत असतील, मुलं नसतील किंवा मोठी असतील, तर घरीच उतरवा. गैरसोय होईल, पण इतक्या वर्षांनी भेटणाऱ्या मित्रांना एकमेकांचा सहवास हवा असतो, खोली नव्हे. पाच किंवा जास्त झाले, तान्हं मूल असेल किंवा कोणाचे आईवडील सोबत असतील, तर भाड्याचं घर घ्या, आणि सगळ्यांची सोमवारची रजा पक्की झाल्याशिवाय पैसे भरू नका. निघताना दारातच प्रत्येकाला पासपोर्ट हातात घेऊन दाखवायला लावा.