निरर्थ कवितांची जुनी चित्रे: चौकटीतील सहा छापचित्रांचा संच

एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतील निरर्थ विनोदी कवितांसाठी काढलेल्या चित्रांच्या प्रती चौकटीसह विकणारे आता पुष्कळ झाले आहेत. या चित्रांवरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे (एडवर्ड लिअर 1888 मध्ये, जॉन टेनिएल 1914 मध्ये आणि हेन्री हॉलिडे 1927 मध्ये निवर्तले), त्यामुळे ती कोणीही छापू शकतो आणि ग्राहक पैसे मोजतो ते खरे म्हणजे स्कॅन, कागद आणि चौकट यांचे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या या संचात चौकट भक्कम आहे, कागद जाड आणि मॅट आहे. मात्र चित्रे कापणाऱ्याने कविता वाचल्या नसाव्यात.

लिअरच्या तीन चित्रांत हे सर्वाधिक जाणवते. दाढीत पक्ष्यांनी घरटी केलेल्या म्हाताऱ्याचे चित्र घ्या. मूळ पानावर चित्राखालीच लिमरिक (पाच ओळींची विनोदी कविता) असते आणि त्यात दोन घुबडे, एक कोंबडी, चार चंडोल आणि एक रेन (एक चिमुकला पक्षी) अशी पक्ष्यांची मोजदाद असते. वाचकाची नजर आपोआप वर जाऊन दाढीतले पक्षी मोजू लागते. या संचात माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची) खिडकी नेमकी त्या ओळींच्या वर कापली आहे. उरतो तो दाढीवाला एक विचित्र गृहस्थ, आणि त्याच्यावर हसायचे का, हे पाहुण्याला समजावून सांगावे लागते.

घुबड आणि मांजरीच्या चित्रात होडीला हिरवा रंग भरला आहे. कवितेत होडी वाटाण्यासारखी हिरवी आहे हे खरे, पण मूळ चित्र निव्वळ काळ्या रेषांचे आहे आणि गंमत त्या रेषांतच आहे. विशीच्या आतच पोपटांच्या चित्रांचा ग्रंथ हाती घेऊन 1830 ते 1832 या काळात तो भागाभागाने प्रसिद्ध करणारा, पिसान्‌पीस अचूक रेखाटणारा हा चित्रकार विनोदी घुबड काढताना मोजक्या फटकाऱ्यांवर थांबतो, तो हात आखडता घेतो म्हणूनच. त्यावर रंग चढवला की उरते ते बालवाडीच्या भिंतीवरचे चित्र. चाळणीत बसून समुद्रावर निघालेल्या जंबलींना सुदैवाने कोणी रंगवलेले नाही.

टेनिएलचा जॅबरवॉक, म्हणजे लुईस कॅरॉलच्या निरर्थ कवितेतला राक्षसी प्राणी, मात्र उत्तम उतरला आहे. हे चित्र ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे घालायचे ठरले होते, पण लहान मुले घाबरतील या शंकेने कॅरॉलने काही मातांचे मत घेतले आणि ते आतल्या पानावर हलवले. डॅल्झिएल बंधूंच्या कार्यशाळेत लाकडी ठोकळ्यावर कोरलेल्या या चित्रात छटा म्हणून काही नसते. रेषा कुठे दाट आणि कुठे विरळ, एवढ्यावरच सगळा अंधार उभा राहतो. त्यामुळे चित्र मोठे करताना स्कॅन कमी प्रतीचा असेल, तर रेषा एकमेकींत मिसळून राखाडी चिखल होतो. येथे ते झालेले नाही. पंखांवरच्या आडव्या-उभ्या रेषा जवळून पाहतानाही सुट्या दिसतात.

हीच कसोटी कॅरॉलच्याच ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’ (1876) या दीर्घ कवितेतील हॉलिडेच्या शेवटच्या चित्राला लावली, तर निकाल मध्यम आहे. त्या चित्रातील काळोखात बेकर या पात्राचा चेहरा दडलेला आहे आणि तो उशिरा सापडण्यातच चित्राची भीती आहे. येथे शाई थोडी जास्त बसल्याने चेहरा जवळजवळ नाहीसाच झाला आहे. त्यात भर म्हणून काचेऐवजी बसवलेले चकचकीत अ‍ॅक्रिलिक. समोर खिडकी असेल, तर काळ्या भागात आपलेच प्रतिबिंब दिसते. अ‍ॅक्रिलिक हलके असते आणि सहजी फुटत नाही हे मान्य, पण गडद चित्रांसाठी प्रतिबिंबरोधक तावदान देणे विक्रेत्याला कठीण नव्हते.

सहावी चौकट त्याच पुस्तकातील कोऱ्या नकाशाची आहे. कडेने दिशांची आणि भूगोलातली भारदस्त नावे आणि मध्ये काहीच नाही, असा हा समुद्राचा नकाशा चौकटीत, माउंटसह, गंभीरपणे टांगल्यावर कॅरॉलचा विनोद आणखी खुलतो. संपूर्ण संचात शब्द शाबूत ठेवलेले हे एकमेव चित्र आहे, कारण येथे शब्द कापले असते तर विकायला कोरा कागदच उरला असता.

विक्रेता चित्रे सुटीही देतो. जॅबरवॉक आणि नकाशा निःशंक घ्यावेत. लिअरची चित्रे चौकटीविना मिळत असतील, तर कागदावर खालच्या ओळी छापल्या आहेत का ते आधी विचारावे आणि माउंट स्वतः कापून घ्यावा.