जोखमीच्या बाळांचं फॉलो-अप क्लिनिक: आमचा अनुभव

माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली. एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) सुट्टी देतानाच सांगितलं होतं, तीन महिन्यांची झाली की फॉलो-अपला आणा. हे तीन महिने जन्मतारखेपासून नाही, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला उताणं झोपवलं आणि काही मिनिटं नुसता व्हिडिओ काढला. खेळणं नाही, टाळ्या नाहीत, मलाही बोलू दिलं नाही. या वयात बाळाची मान, मनगटं, घोटे सतत बारीक, गोलसर हलत असतात. त्या हालचाली नसतील तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर होणाऱ्या परिणामाची, शक्यता बरीच वाढते, हे त्यांनी शांतपणे समजावलं. प्रेख्टल यांच्या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी साधारण पाच महिन्यांपर्यंतच करता येते, म्हणून तारीख चुकवू नका. मग डॉक्टरांनी हॅमरस्मिथ ही बाळाच्या मज्जासंस्थेची तपासणी केली: २६ बाबी, ७८ पैकी गुण.

तिच्यात त्या हालचाली दिसल्या नाहीत. ‘थोडं थांबून बघू’ असं कुणीही म्हटलं नाही, आणि यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. एमआरआय सांगितला, आणि निदान पक्कं होण्याआधीच ‘जास्त जोखीम’ एवढ्या आधारावर थेरपी सुरू केली.

खटकलं ते हे, की निकाल बाहेरच्या बाकावर, इतर पालकांसमोर सांगितला. अशी गोष्ट दार लावून, बसवून सांगायची असते. लेखी अहवाल मात्र नेमका होता.

तपासणीला जाताना बाळाचं पोट भरलेलं असू द्या. ते झोपलेलं किंवा रडत असेल तर व्हिडिओ होत नाही.