रॉकपोर्टच्या खाडीत गाईडसोबत बदकांची शिकार: अख्ख्या हंगामानंतरचा अनुभव

ह्यूस्टनहून गाडीने तीनेक तास दक्षिणेला गेलं की टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्ट लागतं. २०२५-२६ चा हंगाम तिथल्या एकाच गाईडकडे काढला. माणशी अडीचशे डॉलर, वर टीप. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण विचारतात, पैसे वसूल होतात का? घरी किती बदकं आली त्यावर हिशेब लावणार असाल, तर अजिबात नाही. बाजारातली कोंबडी कितीतरी स्वस्त पडते.

पैसे खरे जातात ते गाईडच्या नजरेचे. दिवसाला माणशी ६ बदकं मारता येतात, पण त्यातही जातींनुसार पोटनियम आहेत: रेडहेड २, मॉटल्ड डक १, पिनटेल ३ (पिनटेलला आधीच्या हंगामापर्यंत १ च होतं). त्यात बार उडवायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून, म्हणजे रंग दिसायच्या आत. समोरून काळे ठिपके येतात आणि ठरवायला जेमतेम दोन-तीन सेकंद. आमचा कॅप्टन, म्हणजे बोट चालवणारा हा गाईडच, पंखांच्या फडफडीवरून आणि मानेच्या लांबीवरून सांगायचा. एका सकाळी रेडहेडचा आमचा कोटा संपला होता आणि नेमका त्यांचाच मोठा थवा वाऱ्याला तोंड करून, पाय पुढे काढून थेट आम्ही भुलवायला पाण्यावर मांडलेल्या नकली बदकांच्या मध्ये उतरला. हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ. कॅप्टन हळूच म्हणाला, "बंदुका खाली." पडलेली बदकं आणणारी कुत्रीसुद्धा थरथरत जागेवर बसून राहिली. हंगामातली माझी सगळ्यात आवडती सकाळ तीच, आणि तेव्हा एकही बार उडाला नव्हता.

नकली बदकं मांडण्यातही कसब आहे. वारा पाठीशी घ्यायचा, समोर घोड्याच्या नालेसारखी मांडणी आणि मध्ये मोकळं पाणी, कारण बदक वाऱ्याला तोंड करूनच उतरतं. वारा फिरला की कॅप्टन कंबरभर पाण्यात उतरून सगळी मांडणी बदलायचा. शिवाय जागेची जाण. जगातली बहुतेक रेडहेड हिवाळ्याला इथून दक्षिणेच्या लागुना माद्रे या खाजणात आणि आसपासच्या खाड्यांत उतरतात, उथळ खाऱ्या पाण्यातलं गवत खातात आणि तहान लागली की गोड्या पाण्याच्या डबक्यांकडे जातात. कुठलं डबकं कधी गाठायचं हे पुस्तकात सापडत नाही. जवळच अरान्सासचं अभयारण्य आहे, तिथे अत्यंत दुर्मिळ हूपिंग क्रौंच हिवाळा काढतात. मोठा पांढरा पक्षी दिसला की बोट ट्रिगरपासून लांब, हे पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं जातं.

आता तक्रारी. उत्तरेचा जोरदार वारा सुटला की खाडीतलं पाणी अक्षरशः बाहेर ढकललं जातं. हे माहीत असूनही एकदा आम्हाला नेलं. बोट चिखलात रुतली, सकाळ ढकलण्यात गेली, पैसे परत नाहीत. शनिवार-रविवारी अनोळखी माणसं लपायच्या एकाच आडोशात बसवतात आणि मग एकाच पक्ष्यावर तिघांचा हक्क. भाड्याच्या वेडरबद्दल (पाण्यात उतरायची बुटांसकटची विजार) न बोललेलं बरं. कालवांच्या धारदार कवचांनी ते कधीच फाटलेले असतात, आणि जानेवारीतलं पाणी थेट मोज्यात येतं. स्वतःचे घ्या.

कागदपत्रं आधी उरका. राज्याचा परवाना, त्यावर स्थलांतरित पक्ष्यांसाठीची वेगळी मंजुरी (एंडोर्समेंट), २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर शिकारीचा कोर्स, आणि २५ डॉलरचा केंद्राचा डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी लागणारं तिकीट. हा स्टॅम्प १९३४ पासून आहे आणि त्याच्या डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा राखायला जातात. मला तरी हे २५ डॉलर कधी जड गेले नाहीत. वर्क व्हिसावर असाल तर बंदूक हाताळायची मुभा शिकारीच्या चालू परवान्यावर टिकून असते. तो संपला नाही ना ते बघा, शंका असेल तर वकिलाला विचारा. काडतुसं पोलादी किंवा दुसऱ्या बिनविषारी छऱ्यांचीच, पाणबदकांसाठी शिसं १९९१ पासून बंद. बंदुकीत तीनहून जास्त भरता येत नाहीत. आणि कॅप्टनकडे कोस्ट गार्डचा परवाना आहे का, हे बेधडक विचारा.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने हे सगळं बंद झालं, ते बरंच झालं. नांदूर मध्यमेश्वरला दुर्बिणीतून पाहिलेला तलवार बदक इथे पिनटेल म्हणून बंदुकीसमोर येतो, तेव्हा पहिल्यांदा हात अडतो. माझा अजूनही अडतो. कोटा ३ असला तरी मी हंगामभर एकच मारला.

स्वयंपाकाचं सांगायचं तर टील हे छोटं बदक सर्वात चविष्ट, रेडहेडही छान. थापट्याला (इथला शॉव्हेलर) चिखलाचा वास येतो, त्याच्यावर मालवणी मसाला फुकट घालवू नका. ओळख पटावी म्हणून डोकं किंवा पिसांसकट एक पंख ठेवूनच पक्षी घरी आणावा लागतो. आमच्या सिंकमध्ये त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

पुढच्या हंगामाचं बुकिंग याच गाईडकडे केलंय, पण मंगळवार-बुधवारचं, आणि आडोसा फक्त आमच्या चौघांचा. खाडीत पाणी नसेल तर तारीख बदलून मिळेल, हे या वेळी मेसेजवर लिहून घेतलंय.