झाकण, मिली, टक्के की पीपीएम: फवारणीचं माप कोणतं धरावं?

पऱ्हाटीवर फवारा मारायचा दिवस आला की आमच्या गावात पहिला प्रश्न हाच, "पंपाला किती टाकू?" उत्तर बहुतेक वेळा झाकणात मिळतं. हे माप मी सोडलं आणि तुम्हीही सोडावं असं मनापासून वाटतं. झाकणं लहानमोठी, पंपही कुणाचा १५ लिटरचा तर कुणाचा चार्जिंगचा २० लिटरचा.

दहा लिटरला इतके मिली, हे माप त्याहून भरवशाचं. शिफारस २० मिलीची असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३०, २० लिटरच्या पंपाला ४०. मजुराला सांगायला याहून सोपं काही नाही. पण हे मिली बाटलीतल्या औषधाचे असतात, त्यातल्या मूळ घटकाचे नाहीत. निमार्काची (निंबोळीपासून केलेल्या औषधाची) १,५०० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत १,५०० भाग घटक असलेली बाटली म्हणजे ०.१५ टक्के, १०,००० पीपीएमची म्हणजे १ टक्का. पहिलीच्या ५० मिलीत जेवढा घटक, तेवढा दुसरीच्या साडेसात मिलीत. दुकानदाराने बाटली बदलून दिली की जुना आकडा गेला.

तिथे टक्के कामी येतात. हवे ते टक्के गुणिले पाणी, भागिले बाटलीवरचे टक्के. क्विनॉलफॉस २५ ईसी या कीटकनाशकाचं (घटक २५ टक्के) ०.०५ टक्के द्रावण हवं असेल तर १०,००० मिली पाण्याला २० मिली. खतांना तर टक्केच सोयीचे: २ टक्के युरिया म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम. टक्के वजनाचे की आकारमानाचे, तेही लेबलवर बघा. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल या कीटकनाशकातले १७.८ टक्के वजनाचे आहेत. हे औषध पाण्याहून जड, म्हणून लिटरमागे घटक २०० ग्रॅम भरतो.

पीपीएम संप्रेरकांसाठी, म्हणजे पिकाच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांसाठी ठेवा. लिटरमागे १ मिलीग्रॅम म्हणजे १ पीपीएम. संत्र्याच्या फळगळीसाठी १०० लिटरला दीड ग्रॅम जिब्रेलिक ॲसिड म्हणजे १५ पीपीएम. पऱ्हाटीच्या पात्या-बोंडांची गळ थांबवायला ४.५ टक्क्यांचं एनएए (नॅप्थॅलिन ॲसिटिक ॲसिड) २० पीपीएमने मारायचं तर १० लिटरला साधारण साडेचार मिलीच लागतं. इथे झाकणाने माप घेणं म्हणजे पिकाशी खेळ. मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागे किती मोल हे रसायनशास्त्रातलं माप, माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेची, वावरात तिचं काम नाही.

राहिलं एकरी माप, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित तेच. साध्या पंपाने एकराला २०० लिटर पाणी धरलं तर १० लिटरला २० मिलीप्रमाणे ४०० मिली औषध जातं. पॉवर पंपाला (इंजिनावर चालून बारीक तुषार फेकणाऱ्या) पाणी ७० लिटरच्या आसपास लागतं. औषध मात्र तेच ४०० मिली हवं, म्हणून दहा लिटरला सुमारे ५७ मिली. 'पॉवर पंपाला तिप्पट' म्हणतात ते यामुळे. ती तिप्पट मात्रा साध्या पंपात गेली तर एकरी १,२०० मिली होतात, आणि अंगावर उडणारं पाणीही तिप्पट तीव्र. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्यामागे कारणं अनेक होती, पण तेव्हापासून माप चुकवायची मला भीती वाटते.

म्हणून माझी निवड अशी: दुकानात बाटलीचे टक्के वाचायचे, वहीत एकरी आकडा लिहायचा, टिपाडाजवळच्या माणसाला फक्त मिली सांगायचे. नवा पंप घेतला असेल तर आधी नुसतं पाणी भरून पाव एकर मारून बघा. पाच पंप लागले तर एकराला वीस, आणि एकरी मात्रेला विसाने भागलं की एका पंपाचे मिली हातात येतात.