पाऊच सुजतच राहिला: वीस महिने गोळ्या आणि अकरा महिने सलाइन

काल पाऊचच्या सुजेवरच्या व्हेडोलिझुमॅब या औषधाची आठवी सलाइन झाली. पहिली गेल्या फेब्रुवारीत लागली होती. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, पण दोन-तीन महिन्यांत काही ठरवता येत नाही हे एव्हाना कळलं होतं, म्हणून थांबले.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेवर शिकवते. अल्सरेटिव्ह कोलायटिसपायी, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या आजारापायी, २०२१ मध्ये माझं मोठं आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक दुमडून त्याची मळ साठवायची एक जागा तयार केली आणि ती खाली गुदद्वाराशी जोडली, म्हणजे मळ गोळा करायला पोटावर बाहेरची पिशवी कायमची लावावी लागत नाही. ही शस्त्रक्रिया १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या पार्क्स आणि निकोल्स या सर्जननी मांडली, आणि आता सगळीकडे करतात तो 'जे' आकार जपानच्या उत्सुनोमियांनी १९८० मध्ये दाखवला. आमच्याकडे याला नीट शब्दच नाही. 'पिशवी' म्हणावं तर शेजारच्या काकींना वाटलं माझं गर्भाशय काढलं. वर्षभर त्या माझ्याशी त्याच समजुतीनं हळवं बोलत होत्या. म्हणून इथं पाऊचच म्हणते.

त्या पाऊचला सूज आली की पाउचायटिस. कोलायटिससाठी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी तो एकदा तरी होतो. बहुतेकांचा पंधरा दिवसांच्या गोळ्यांत जातो. माझा गेला नाही, आणि ज्यांचा जात नाही त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

जून २०२२ मध्ये पहिल्यांदा झाला. दिवसाला सहा-सात वेळा जाणारी मी चौदा-पंधरावर गेले. रात्री चार वेळा उठायचं, कमरेखाली जुनं धुतलेलं लुगडं घालून झोपायचं, आणि तास चाळीस मिनिटांचा असताना विसाव्या मिनिटाला वर्ग मॉनिटरच्या हाती सोपवून पळायचं. आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी एकच संडास आहे आणि उन्हाळ्यात पाणी घागरीनं न्यावं लागतं. हे मुद्दाम लिहिते, कारण तपासणीच्या खोलीत 'फ्रीक्वेन्सी किती' एवढंच विचारतात.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५०० दिवसातून दोनदा, दोन आठवडे. तिसऱ्या दिवशी फरक पडला, आठव्या दिवशी मी बरी. इतकी लवकर लागू पडणारी गोळी मी आयुष्यात घेतली नव्हती, आणि मी त्यातच अडकले. गोळ्या संपल्या की आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. मग फोन करायचा, गावाजवळचे डॉक्टर तीच चिठ्ठी पुन्हा लिहून द्यायचे. कधी सिप्रो, कधी मेट्रोनिडाझोल, कधी दोन्ही. नऊ महिने आत कुणी डोकावून पाहिलं नाही आणि मीही 'बघा की ओ एकदा' असं म्हटलं नाही. या नऊ महिन्यांचा मला अजून राग येतो.

मेट्रोनिडाझोलनं तोंडाला लोखंडाची चव आली. दिवाळीला भावानं बेळगावहून कुंदा आणला होता, तो जिभेवर ठेवला तर गंजलेली किल्ली चोखल्यासारखं झालं. पण ते सोसता येतं. पायाच्या बोटांना मुंग्या येऊन चप्पल निसटलेली कळेनाशी झाली, ते सोसायचं नसतं. हे औषध फार दिवस चाललं तर नसांवर परिणाम करतं, मुंग्या आल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. सिप्रोवर टाच किंवा पोटरीचा स्नायूबंध दुखला तरी तसंच. आणि एक चूक माझी: पोटाला बरं म्हणून मी सिप्रो वाटीभर दह्याबरोबर घेत होते. दूध, दही, कॅल्शियम, लोह यांच्याबरोबर घेतलं की ते औषध नीट अंगी लागत नाही. हे मला नऊ महिन्यांनी कळलं.

मार्च २०२३ मध्ये बेळगावच्या एका पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी नवी गोळी दिली नाही. म्हणाल्या, "बाई, गोळी थांबल्यावर कितव्या दिवशी परत येतं ते लिहून आणा." मी शाळेतलं कोरं हजेरीपत्रक घेतलं. उभे एक ते एकतीस रकाने छापलेलेच असतात. मुलांच्या नावांच्या जागी लिहिलं: दिवसा, रात्री, रक्त, गळती, ताप, गोळी. दोन महिने भरल्यावर सांगायची गरजच उरली नाही. गोळीच्या ओळीतली खूण जिथं थांबे तिथून सहाव्या रकान्यात रात्रीचा आकडा एकावरून चारावर जाई. दोन्ही महिन्यांत तेच. डॉक्टरबाईंनी त्या पानावर बोट ठेवून सांगितलं, याला अँटिबायोटिकवर अवलंबून असलेला पाउचायटिस म्हणतात. गोळी देऊन चार आठवडे झाले तरी हलत नाही, तो वेगळा प्रकार. दोघांचे रस्ते वेगळे.

मग दुर्बिणीनं पाऊच पाहिला, तुकडे काढून तपासले. शौचाची तपासणी केली ती सी. डिफिसाइल या जंतूसाठी, कारण अँटिबायोटिक खाऊन खाऊन तोच बळावू शकतो आणि लक्षणं हुबेहूब सारखीच. तुकड्यांत सीएमव्ही विषाणू आहे का, जोडाच्या ठिकाणी अरुंदपणा आहे का, खाली राहिलेल्या मूळ गुदाशयाच्या पट्टीला सूज आहे का, क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजाराची काही खूण आहे का, हे सगळं आधी तपासून यातलं काही नाही याची खात्री केली. शेवटी विचारलं, अंगदुखीला काय घेता? मी कंबरेसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेत होते, आठवड्यात दोन-तीनदा. ते त्याच दिवशी बंद झालं. अशा वेदनाशामक गोळ्यांनी पाऊच चिडतो. इतकी साधी गोष्ट नऊ महिने कुणी विचारली नव्हती.

पुढचे प्रयोग थोडक्यात. अँटिबायोटिक कमीत कमी डोसवर, मध्ये मध्ये आठवडा सोडून: तीन महिने बरे गेले. सोबत जास्त ताकदीच्या अनेक जंतूंच्या प्रोबायोटिकच्या पुड्या. याच्यावर २००० साली इटलीत चाळीस रुग्णांचा अभ्यास झाला होता. नऊ महिन्यांत प्रोबायोटिक घेणाऱ्या वीसपैकी तिघांनाच आजार उलटला, औषध नसलेली नुसती पूड घेणाऱ्या वीसच्या वीस जणांना उलटला. पण ती माणसं आधी अँटिबायोटिकनं बरी झालेली होती. प्रोबायोटिक बरं झालेलं टिकवतं, पेटलेलं विझवत नाही, आणि दुकानातलं कुठलंही प्रोबायोटिक म्हणजे ते नव्हे. पुड्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. मेच्या उन्हात बेळगावहून खानापूरला बसनं आणताना मी त्या मुलाच्या शाळेच्या थर्मासात बर्फाबरोबर घालून आणत असे. मला त्या साधारण चार महिने पुरल्या.

सप्टेंबरात सिप्रो चार आठवडे घेऊनही काही हललं नाही. म्हणजे माझा प्रकार बदलला. मग बुडेसोनाइड ९ मिलिग्रॅम, आठ आठवडे. हे स्टेरॉइड मुख्यतः आतड्यातच काम करतं, म्हणून चेहरा सुजला नाही. उतार चांगला पडला, पण बंद केल्यावर दीड महिन्यात पुन्हा तेच. जन्मभर घेण्याचं ते औषध नव्हे, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

मग व्हेडोलिझुमॅब. हे शरीराची सगळी प्रतिकारशक्ती दाबत नाही, सूज आणणाऱ्या पेशींना आतड्यात शिरताना अडवतं. पाउचायटिससाठी या औषधाची मोठी चाचणी झाली आहे. २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तिचे निकाल आले: १०२ रुग्ण, सगळ्यांना पहिले चार आठवडे सिप्रो, चौदाव्या आठवड्याला आजार शांत झालेले व्हेडोलिझुमॅब घेणाऱ्यांत ३१ टक्के, औषध नसलेली नुसती सलाइन घेणाऱ्यांत १० टक्के. मी हे आकडे डॉक्टरबाईंना तीनदा विचारून घेतले. माझे यजमान म्हणाले, "तिघांतल्या एकालाच गुण येतोय की." होय, तेवढाच. पण तिसरा माणूस मीही असू शकते ना. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडॅलिमुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिक औषधांचीही (व्हेडोलिझुमॅबही याच जातीचं) चर्चा झाली. आपल्याकडे क्षयाची भीती मोठी, त्यामुळे कुठलंही बायोलॉजिक सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, मँटू किंवा रक्ताची क्षयतपासणी, आणि कावीळ-बीची तपासणी होतेच. भाच्यानं दुसऱ्याची विष्ठा आतड्यात सोडण्याच्या उपचाराबद्दल वाचलं होतं. त्याचे निकाल पाउचायटिसमध्ये एकसारखे नाहीत, म्हणून तो बाजूला ठेवला.

३०० मिलिग्रॅम, अर्ध्या तासाची सलाइन. पहिली, मग दुसऱ्या आठवड्याला, सहाव्याला, पुढे दर आठ आठवड्यांनी. सहाव्या आठवड्यापर्यंत काहीही फरक नव्हता आणि मी फार रडले. हजेरीपत्रकात पहिला बदल दहाव्या आठवड्यात दिसतो, तोही दिवसाच्या ओळीत नाही, रात्रीच्या. चार, चार, तीन, चार, दोन. चौदाव्यानंतर रात्री एकदा. आज दिवसाला सात, रात्री एक किंवा शून्य. ऑगस्टमध्ये एकदा बिघडलं, दहा दिवस सिप्रो घ्यावी लागली. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे सुजेचं माप, खाली आलंय, पण नॉर्मल नाही. दुर्बिणीत सूज कमी, व्रण दोनच उरलेत. दुष्परिणाम म्हणावा तर सलाइनच्या संध्याकाळी डोकं जड होतं आणि सर्दी लवकर होते.

खर्च जड आहे. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलंय. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू झाली आहे, इकडची कर्नाटकातली आयुष्मान योजनाही आहे, पण तुमचा उपचार यादीत बसतो का हे योजनेच्या खिडकीवर आधी विचारा आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती ठेवा. कंपनीच्या रुग्णसाहाय्याबद्दलही विचारा, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

जेवणाचं फार सांगत नाही, प्रत्येकाचं वेगळं. मला मऊ भात, पेज, ताक, केळं चालतं. संकेश्वरी मिरचीचा ठेचा अजून नाही. लोह आणि बी-१२ तपासत राहते.

सगळं हरलं तर पाऊच बाजूला ठेवून पुन्हा बाहेरची पिशवी, हा रस्ता आहे. डॉक्टरबाईंनी तो पहिल्याच भेटीत सांगितला, घाबरवायला नाही, तर मला माहीत असावं म्हणून. गेल्या वर्षी मी ती पिशवी घालूनही शाळेत उभी राहीन असं मनाशी ठरवलं होतं, आजही ते ठरलेलं आहे.

डिसेंबरात चौथीची मुलं घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेले. वर चढले, उतरले, आणि सबंध वाटेत एकदाच थांबावं लागलं. पुढची सलाइन मार्चमध्ये, दुर्बीण जूनमध्ये. नवं हजेरीपत्रक आणून ठेवलंय.