ओतानी ठेवला, सोतो विकला

जुलै २०२३ मध्ये आमच्या एंजल्स या अमेरिकन बेसबॉल संघासमोर दोन वाटा होत्या: करार संपत आलेल्या आपल्या सर्वांत मोठ्या ताऱ्याला, शोहेई ओतानीला, विकायचं (म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात तरुण खेळाडू घ्यायचे), की प्लेऑफच्या आशेवर ठेवायचं. ठेवलं. वर लुकास जियोलिटो या पिचरसाठी (चेंडू फेकणाऱ्यासाठी) उमेदीची पोरं शिकागो व्हाइट सॉक्स संघाला दिली. ऑगस्टमध्ये संघ कोसळला, ओतानीचं कोपर दुखावलं आणि महिना संपायच्या आत जियोलिटोलाही वेव्हर्सवर सोडलं, म्हणजे हव्या त्या संघाने बदल्यात काही न देता उचलावं! डिसेंबरात ओतानी ७० कोटी डॉलरच्या करारावर डॉजर्सकडे गेला. आमच्या हाती एक भरपाईची ड्राफ्ट निवड, म्हणजे नवोदितांमधून एक जादा खेळाडू निवडायची संधी. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

वॉशिंग्टन नॅशनल्सनी उलट केलं. त्यांचा तारा फलंदाज हुआन सोतो याने १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला सॅन डिएगोच्या संघाकडे धाडलं. बदल्यात आलेल्या तरुणांपैकी एब्रम्स, गोर आणि वुड पुढे ऑल-स्टार झाले, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंत गणले गेले. संघ मात्र हरतच राहिला (२०२५ मध्ये ९६ सामने), तेव्हा फार कौतुक नको.

तरी मला वॉशिंग्टनचं गणित पटतं. ओतानीला ठेवणं एक वेळ समजू शकतो. असा खेळाडू विकायचा धीर कुणाला होणार? पण मुळातच तोकडी असलेली तरुण खेळाडूंची पुढची फळी जियोलिटोवर उधळणं अक्षम्य. २०२४ मध्ये एंजल्स ९९ सामने हरले, क्लबच्या इतिहासातला नीचांक.